डावखुऱ्या भाच्याची गिटार: जुलै ते जानेवारीच्या नोंदी

जुलै

पावसाने जोर धरला आणि भाच्याचं खेळणं पडवीपुरतं उरलं, तेव्हा त्याने गिटार मागितली. चौथीत आहे, हात लहान. म्हणून शिकवणीच्या मुलांसाठी ठेवलेली थ्री-फोर्थ मापाची नायलॉन तारांची क्लासिकल गिटार त्याच्या मांडीवर दिली. माझी मोठी स्टील तारांची अकूस्टिक मी पावसाळ्यात पेटीबाहेर काढत नाही. वेंगुर्ल्याच्या खाऱ्या दमट हवेत नव्या तारा बघता बघता काळ्या पडतात आणि बोटांना गंज लागतो. नायलॉनला ती धास्ती नाही, खर्जाच्या तीन तारांवरचं तांब्याचं वेटोळं तेवढं काळवंडतं.

भाचा डावखुरा आहे. लिहितो, चित्रं काढतो, कैऱ्यांवर दगड मारतो ते सगळं डाव्याने. जेवतो उजव्याने, कारण आईने, म्हणजे त्याच्या आजीने, ते लहानपणीच लावलं. बॅट मात्र कुणी न सांगता उजव्या बाजूने धरतो. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्याने आणि फलंदाजी करायचा उजव्याने, तसंच.

सुरुवात उजव्या बाजूनेच केली, म्हणजे तारा उजव्या हाताने छेडायच्या, डाव्याने दाबायच्या. कारणं नेहमीचीच होती. गिटारला दोन्ही हात लागतात, दोघांनाही नवं शिकायचंय. फ्रेटवरच्या, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांपाशी तार दाबणाऱ्या, बोटांचं काम जास्त किचकट, मग तिथे त्याचा चांगला हात आला तर बरंच. पियानो कुठे डावा-उजवा असतो? आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे सिंधुदुर्गात डावी गिटार बघायलाही मिळत नाही. म्हापशाच्या एका दुकानात विचारलं तर काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "तसली ठेवत नाही, पोराला सरळ शिकवा." ते 'सरळ' मला फार लागलं.

लागायला कारण आहे. माझा मोठा भाऊ, म्हणजे या मुलाचा बाप, तोही डावखुरा. शाळेत त्याच्या डाव्या हातावर पट्ट्या बसल्या आणि तो उजव्याने लिहायला लागला. आज जेटीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, पाना डाव्या हातात. सही करायची वेळ आली की अजून क्षणभर थांबतो. मला वाटलं होतं तोच म्हणेल, पोराला डावीच दे. पण तो म्हणाला, "उजवीच शिकव गो. उद्या कोणाच्या घराक गेलो तर थंय डावी गिटार कोण ठेवतलो?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिसऱ्या आठवड्याची नोंद: ई मायनर ते ए मायनर या दोन कॉर्डमधला (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीतला) बदल, मिनिटाला १८. नऊ वर्षांच्या मुलासाठी झकास. पण ठोके देणारं यंत्र, मेट्रोनोम, मिनिटाला ६० वर लावून 'एक आणि दोन आणि' असा खाली-वर स्ट्रोक मागितला की दोन बारनंतर, म्हणजे तालाच्या दोन फेऱ्यांनंतर, हात अडकतो. खालचा स्ट्रोक ठीक पडतो, वर येताना मनगट लाकूड होतं. तो तोंडाने बरोबर मोजतोय, पाय बरोबर पडतोय, फक्त उजवा हात मागे राहतो.

चतुर्थी

घरी भजन होतं. आरती झाल्यावर पखवाजवाले काका चहाला उठले आणि भाच्याने पखवाज ओढून घेतला. घेताना फिरवला. शाईचं लहान तोंड डाव्या हाताकडे, कणीक लावलेलं धुमाचं तोंड उजवीकडे. आई लगेच म्हणाली, "उलटो धरलं, सरळ कर." काका कप हातात घेऊन बघत होते. म्हणाले, "आसांदे, डावरो आसा तो." बस, एवढंच. आपल्याकडे पखवाज फिरवला की झालं, तबला-डग्ग्याच्या जागा बदलल्या की झालं, त्यासाठी कुणाला दुकानात जावं लागत नाही.

मी त्याचे हात बघत राहिले. साधा केरवा होता, शिकवलेला नव्हता, वर्षानुवर्षं ऐकून आलेला. डावा हात ठेका धरून ठेवत होता आणि उजवा त्याच्या मागून जात होता. मनगट सैल, कुठे अडत नव्हतं. गिटारवर कित्येक आठवडे जे मागत होते ते इथे आपोआप चाललं होतं, फक्त दुसऱ्या हातात.

त्या रात्री कळलं की मी चुकीचा हात तपासत होते. फ्रेटवरची बोटं सूर कुठला ते ठरवतात. तो सूर कधी, किती जोरात, किती लाडाने वाजणार हे तारा छेडणारा हात ठरवतो. किचकट कोणाचं काम यावर बाजू ठरत नाही, ताल कोणाच्या अंगात आहे यावर ठरते. माझ्या भाच्याचा ताल डाव्या हातात आहे.

दुसऱ्या दिवशी त्याला काहीही न सांगता केरसुणी दिली आणि म्हटलं, गिटार वाजव. ही चाचणी बरेच जण करतात, पण त्यात एक खोट आहे. मूल उजव्या वादकाला समोरून बघत असेल तर ते आरशासारखी नक्कल करतं आणि आपल्याला ते डावखुरं वाटतं. म्हणून मी मागे उभी राहिले, गिटार दुसऱ्या खोलीत ठेवली, आणि चार दिवसांत तीनदा विचारलं. तिन्ही वेळा डाव्याने छेडलं.

सप्टेंबर

गिटार उलटी करायचं ठरवलं. नायलॉनची क्लासिकल होती हे नशीब. तिचं अंग दोन्ही बाजूंनी सारखं, एका बाजूला ओरखड्यांपासून जपणारी पट्टी (पिकगार्ड) नाही, सॅडल, म्हणजे अंगाकडच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी, सरळ. स्टील तारांच्या अकूस्टिकचं सॅडल तिरकं असतं, जाड्या तारांना लांबी जास्त मिळावी म्हणून. तिच्यावर नुसत्या तारा उलट्या चढवल्या तर हिशेब बरोबर उलटा होतो आणि वरच्या फ्रेटवर सूर लागत नाहीत. आतल्या एक्स आकाराच्या पट्ट्यांची मांडणीही खर्ज-तार धरून केलेली असते. ज्यांना मोठी अकूस्टिक फिरवायची आहे त्यांनी आधी तिचं सॅडल बघा.

माझ्याकडे सॅडल खाचेतून काढून फिरवून बसवलं, काम झालं. खरं काम होतं नटचं, म्हणजे डोक्याकडच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात त्या पट्टीचं. नायलॉनची पहिली तार साधारण ०.७ मिलिमीटर, सहावी १.१. पहिली तार सहावीच्या खाचेत टाकली की सैल पडून झरझरते, आणि सहावी पहिलीच्या खाचेत उतरतच नाही, वर लटकते. नट काढून फिरवावा म्हटलं तर तेही नाही. खाचांना डोक्याकडे उतार असतो, फिरवल्यावर तो उतार फ्रेटबोर्डकडे येतो आणि तार चुकीच्या जागी टेकते. म्हणजे नवा नट घासणं आलं.

कोल्हापूरच्या मित्राने हाडाच्या दोन पट्ट्या पाठवल्या. जुना नट लाकडाचा ठोकळा लावून बाजूने हलकेच ठोकल्यावर सुटला, मागे गोंदाचा पिवळा ठिपका राहिला. पहिली पट्टी मी वाया घालवली. पहिल्या तारेची खाच दोन घाव जास्त घासली गेली आणि मोकळी तार पहिल्या फ्रेटवर झर्र करायला लागली. हाड घासलं की वास येतो, दातांच्या डॉक्टरकडे येतो तसा. आईने मला अंगणात बसवलं.

दुसरीला दोन संध्याकाळी लागल्या. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघायचं. कागद जेमतेम सरकेल इतकी हवी. तीन घाव, तार चढव, बघ, तार उतरव, पुन्हा तीन घाव. भाचा शेजारी बसून प्रत्येक वेळी फटीत वहीचा कागद घालून "जाता" नाहीतर "जाणा नाय" सांगत होता. सहावी तार शेवटी बसली तेव्हा आठ वाजून गेले होते. मानेची जी बाजू आता वर आली तिच्यावर ५, ७ आणि १२ व्या फ्रेटपाशी नेलपॉलिशचे ठिपके दिले. जुना नट कागदात गुंडाळून पेटीत ठेवला आहे.

ऑक्टोबर

आकडे आधी पडले. उजव्या हाताने फ्रेट दाबताना बदल मिनिटाला ९. भावाने तेवढंच पाहिलं, म्हणाला, बघ, मागे गेला. पण पहिल्याच दिवशी खाली-वर स्ट्रोक ६० वर सलग चालला, तिसऱ्या दिवशी ८० वर. दिवाळीपर्यंत बदलही १९ झाले. हाताची अढी सुटली की बोटं शिकतात. उलटं होताना मी पाहिलं नाही.

रोजच्या सरावातल्या दोन-तीन गोष्टी लिहून ठेवते, कुणाच्या कामी येतील. क्लासिकल पद्धतीत उजवा वादक डावा पाय उंच ठेवतो, इथे उजव्या पायाखाली पाट. शेजारी बसायचं तर त्याला माझ्या उजवीकडे बसवायचं. डावीकडे बसवला तर दोन्ही गिटारींच्या माना एकमेकींवर आपटतात, आमची पडवी अरुंद. समोर बसला तर मी त्याचा आरसा, आणि हे फारच सोयीचं, माझं बोट जिथे दिसतं तिथेच त्याचं जातं. कॉर्डच्या आकृत्या ट्रेसिंग पेपरवर काढून कागद पालथा केला की डावी आकृती तयार. टॅबला, म्हणजे तारा आणि फ्रेट आकड्यांनी दाखवणाऱ्या लिपीला, हात लावायची गरज नाही, तारांचे क्रमांक बदलत नाहीत.

नोव्हेंबर

भावाशी वाद चालूच होता. त्याने गिटारवादक मार्क नॉफ्लरचं नाव काढलं, डावखुरा असून उजवी वाजवतो. गॅरी मूरही तसाच. मी म्हटलं, पॉल मॅकार्टनीने ट्रम्पेट देऊन गिटार घेतली, उजवी जमेना, तारा उलट्या केल्यावर हात बसला. जिमी हेंड्रिक्सने उजवी स्ट्रॅटोकास्टर फिरवून तारा बदलून घेतल्या. अल्बर्ट किंग आणि एलिझाबेथ कॉटन यांनी तर ताराही बदलल्या नाहीत, उजवीच उलटी धरली. कॉटनबाईंचा अंगठा सूर वाजवायचा आणि बोटं खर्ज.

नावं दोघांकडेही भरपूर निघाली आणि त्यातूनच मला दिसलं की या याद्यांनी काही ठरत नाही. यादीत येतात ते टिकलेले. तिसऱ्या महिन्यात "माझ्या अंगात तालच नाही" म्हणून गिटार खाटेखाली सारणारी मुलं कुठल्या यादीत नसतात. मला काळजी त्यांची आहे. शंभरात सुमारे १० माणसं डावखुरी. शिकवणीला आलेल्या मुलांतली किती अशी गेली असतील, आणि तेव्हा मी त्यांचे हात पाहिलेसुद्धा नाहीत.

एक नाव मात्र उपयोगी पडलं. ब्लॅक सॅबथ या बँडचा टोनी आयोमी डावी गिटार वाजवतो, म्हणजे फ्रेटवर उजवा हात. १९६५ साली बर्मिंगहॅमच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने बोटांना टोप्या केल्या, तारा हलक्या लावल्या, पण बाजू बदलली नाही. एकदा हातात बसलेली बाजू इतकी पक्की असते. म्हणून ठरवायचं ते पहिल्या महिन्यात, दुसऱ्या वर्षी नाही.

याच महिन्यात शिकवणीला एक मुलगी आली, तीही डाव्याने लिहिणारी. भाच्याच्या अनुभवावरून मी तिलाही डावी देणार होते. पण केरसुणी तिने पाचही वेळा उजव्याने छेडली, टाळ्या वाजवताना वरचा हात उजवा, आणि उजव्या गिटारवर स्ट्रोक पहिल्या दिवसापासून मोकळा. ती उजवीच शिकते आहे आणि मजेत आहे. लिहिण्याच्या हातावरून मी आता काहीच ठरवत नाही.

डिसेंबर

भाऊ म्हणाला होता ते घडलं. भाच्याच्या वर्गमित्राकडे नाताळात गाण्यांची तालीम होती, तिथे दोन गिटारी, दोन्ही उजव्या. सगळ्यांनी आग्रह केला आणि याला काही वाजवता आलं नाही. घरी येऊन बोलला नाही. जेवताना फक्त म्हणाला, "आते, माझी गिटार खंयच नसता."

त्याचं दुःख खरं आहे. डावी बाजू निवडताना आपण मुलाला हेही देतो, आणि ते आधीच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नव्हतं. आता ठरवलंय की कुठे जायचं तर गिटार पाठीला. तिला जाड कापडाची पिशवी शिवली, आत सिलिका जेलच्या पुड्या. शिवाय उजवी गिटार उलटी धरून एका तारेवर साधी चाल काढायचा सराव आठवड्यातून एकदा, म्हणजे कुणाकडे अगदी गप्प बसावं लागणार नाही. दोन चाली झाल्या.

जानेवारी

ई मायनर ते ए मायनर ३४. सी ते जी १६, जीमधली करंगळी अजून उशिरा पोचते. खाली-वर स्ट्रोक १०० वर सलग चार मिनिटं, मधे गप्पा मारत. बार कॉर्डला, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या कॉर्डला, हात लावलेला नाही, लावणारही नाही इतक्यात. पाचवी तार बदलायला झाली आहे, वेटोळं दुसऱ्या फ्रेटपाशी उसवलंय.

परवा रात्री भाऊ जेटीवरून आला, हात धुतले, आणि पोराच्या गिटारीकडे बराच वेळ बघत बसला. मग ती उचलून मांडीवर घेतली. मोकळ्या तारांवरून डावा हात खाली-वर, खाली-वर. चाळीशीतला माणूस, आयुष्यात गिटार धरलेली नाही. भाच्याने त्याची दोन बोटं धरून ई मायनरवर ठेवली. भावाच्या बोटांना थ्री-फोर्थच्या फ्रेट अरुंद पडतात, शेजारची तार दाबली जाते, पण ताल कुठे चुकला नाही. काल पुन्हा बसला होता.

गोव्यातल्या एका दुकानाने डावी पूर्ण मापाची मागवून देतो म्हटलं आहे. भाच्याला ती लागायला दोन-तीन वर्षं आहेत. तरी पावसाळ्याआधी आणायचा विचार करते आहे, भावाच्या हाताला मापाची बघून.