इंद्रायणी भातावरचा कोरियन चवीचा खिमा

बुलगोगी म्हणजे सोया सॉस, साखर, लसूण आणि तिळाच्या तेलात मुरवून भाजलेले गोमांसाचे पातळ काप. कामाच्या दिवशी काप करत कोण बसणार, म्हणून तोच मसाला खिम्याला लावायचा आणि गरम भातावर वाढायचा, ही त्याची सोपी आवृत्ती. महाराष्ट्रात गायीपाठोपाठ २०१५मध्ये बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यामुळे पुण्यात हा पदार्थ मी मटणाच्या नाहीतर चिकनच्या खिम्याचा करते. परदेशी कृतींत हा पदार्थ 'वीस मिनिटांत' होतो असं लिहिलेलं असतं, ते इथे लागू पडत नाही, ते याचमुळे. तिकडच्या खिम्यात चरबी भरपूर असते आणि तो कढईतच शिजतो. बोकडाचा खिमा कमी चरबीचा आणि चिवट. नुसता परतला तर वरून छान तपकिरी होतो आणि दाताखाली रबरासारखा लागतो.

म्हणून मटणाचा असेल तर आधी कुकर. अर्धा किलो खिम्यात अर्धी वाटी पाणी घालून हाताने मोकळा करायचा. ही पायरी गाळली तर कुकरमधून खिम्याचा एकच गोळा निघतो आणि तो पुन्हा फुटत नाही. त्यात आल्याच्या दोन चकत्या टाकायच्या, मीठ घालायचं नाही. तीन शिट्ट्या काढून मग पाच मिनिटं मंद आच. सुटलेलं पाणी गाळून वाटीत काढून ठेवायचं, ते पुढे सॉसमध्ये जातं. चिकनला कुकरची गरज नाही, सात-आठ मिनिटांत कढईतच होतो. पण चिकनवाल्याकडून खिमा लेगपीसचा करून घ्यावा. नुसत्या ब्रेस्टचा भुशासारखा कोरडा होतो. मटणवाल्यालाही 'थोडी चरबी राहू दे' असं आधीच सांगावं, नाहीतर साफ करताना तो ती काढून टाकतो.

रविवारी मटणाच्या रांगेत उभं राहायचंच असतं, तेव्हा एक किलो जास्तीचा घेतला की आठवड्याचं काम होतं. पाव-पाव किलोची पाकिटं करून ती फ्रीझरमध्ये हाताने चपटी दाबून ठेवायची. चपटं पाकीट साध्या पाण्यात अर्ध्या तासात सुटतं, गोळा करून ठेवलेला खिमा रात्रीच्या जेवणापर्यंत आत दगडच राहतो.

आता पाण्याचं. आपल्याकडे खिमा धुतात, आणि त्यातच सगळी मेख आहे. कढईत पाणी असेतो उष्णता शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि मांसाला खरपूस रंग यायला साधारण १४० अंश लागतात. ओला खिमा परतला की राखाडी होतो, स्वतःच्याच पाण्यात रटरटतो. धुतलेला खिमा बारीक चाळणीत पंधरा मिनिटं निथळत ठेवून वाटीच्या बुडाने दाबायचा. कुकरमधून काढलेलाही तसाच. लोखंडी कढई चांगली तापवून दोन मोठे चमचे तेल घालायचं, आणि खिमा दोन खेपांत परतायचा. घरच्या शेगडीची आच अर्ध्या किलोला एकदम पुरत नाही. टाकल्यावर दोन मिनिटं उलथनं लावायचं नाही. तळाला चिकटला तर घाबरू नये, रंग आला की आपोआप सुटतो.

सॉस आधीच वाटीत कालवून ठेवावा, परतताना मोजायला वेळ नसतो. अर्ध्या किलोला पाव वाटी सोया सॉस, म्हणजे सुमारे ५० मिली, अडीच मोठे चमचे किसलेला गूळ, एक छोटा चमचा व्हिनेगर, एक छोटा चमचा कुटलेली लाल मिरची आणि पाव वाटी ते राखून ठेवलेलं पाणी. सोया सॉस घेताना बाटलीमागचं लेबल वाचावं. सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी एवढंच असेल तर तो आंबवलेला असतो. बरेच स्वस्त सॉस कॅरमेलच्या रंगावर आणि मिठावर उभे असतात. तसला असेल तर पाऊण मापच घ्यावं आणि बोटाने चाखून बघावं. वरून मीठ कशातच नाही.

तिळाच्या तेलात बहुतेकांची फसगत होते. लाकडी घाण्यावर मिळणारं तेल कच्च्या तिळाचं, फिकट आणि जवळपास बिनवासाचं. कोरियन तेल भाजलेल्या तिळाचं, गडद तपकिरी. ते मोठ्या दुकानांत मिळतं, पण महाग असतं. मी दोन मोठे चमचे पांढरे तीळ मंद आचेवर बदामी भाजून खलबत्त्यात जाडसर कुटते आणि शेवटी वरून घालते. वास तोच येतो, शिवाय दाताखाली येतात ते चांगले लागतात.

दोन्ही खेपा एकत्र झाल्या की कढईच्या मधोमध जागा करून बारीक चिरलेल्या आठ-दहा लसूण पाकळ्या आणि इंचभर किसलेलं आलं अर्धं मिनिट परतायचं. लसूण सुरुवातीला घातला तर मोठ्या आचेवर जळून कडू होतो. मग सॉस, तोही शेवटीच, कारण गूळ लगेच करपतो. आच मोठीच ठेवून तीन-चार मिनिटं ढवळत राहायचं. बुडबुडे मोठे आणि संथ झाले, खिमा चकचकीत दिसू लागला की गॅस बंद. कॉर्नफ्लोअर लागत नाही. त्याने सॉस घट्ट होतो खरा, पण चव बोथट होते.

भाताला बासमती नको, मोकळ्या शितांवरून खिमा ओघळून जातो. मावळातला इंद्रायणी आपल्याकडे सहज मिळतो, चिकट असतो आणि इथे तोच हवा. वीस मिनिटं भिजवून एकास दोन पाणी, तांदूळ नवा असेल तर पावणेदोनच, तीन शिट्ट्या. कुकर आधी भाताचा लावला की तो निवेपर्यंत खिमा होतो. मटण असेल त्या दिवशी खिम्याच्या भांड्यावर भाताचं भांडं ठेवून दोन्ही एकदम होतात.

वरून पातीचा कांदा आणि काकडीच्या चकत्या. काकडीला मीठ, साखर आणि दोन चमचे व्हिनेगर लावून दहा मिनिटं ठेवायची, गोडसर खिम्यापुढे ती हवीच. अर्धकच्च्या बलकाचं अंडं ऐच्छिक. सोमवार, गुरुवार किंवा श्रावण पाळणाऱ्या घरात हाच सॉस भिजवून घट्ट पिळलेल्या सोया ग्रॅन्यूल्सना चालतो, मात्र त्या मीठ पटकन शोषतात, सॉस पाऊणच घ्यावा.

उरलेला खिमा फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतो. गरम करताना चमचाभर पाणी शिंपडून झाकण ठेवावं, नाहीतर गूळ तळाला धरतो. पोळीत काकडीसकट गुंडाळून डब्यालाही जातो.