रस्त्यावरच्या गाडीत रेसचे गिअर

माझ्या भाच्याने त्याच्या जुन्या हॅचबॅकमध्ये ‘रेसचे गिअर’ बसवण्याचा घाट घातला आहे आणि त्याच्या मित्रमंडळींत त्याला विरोध करणारा कोणीच नसल्यामुळे ते काम माझ्याकडे आले आहे. त्याला तोंडी जे सांगितले, तेच येथे जरा सविस्तर लिहितो. रेसचे गिअर ही एक वस्तू नसून दातांची ठेवण, गिअर अडकण्याची पद्धत आणि रेशो (गिअरबॉक्समधून निघणाऱ्या एका फेऱ्यासाठी इंजिनाचे किती फेरे, ते प्रमाण) अशा तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्या पुष्कळदा एकाच खोक्यात विकल्या जातात खऱ्या, पण रोज वापरायच्या गाडीसाठी त्यांतली तिसरीच काय ती विचार करण्याजोगी आहे.

नेहमीच्या गाडीत पुढे जाण्याचे गिअर तिरक्या दातांचे, म्हणजे हेलिकल असतात. त्यांचा दात एका टोकाकडून हळूहळू भिडत जातो आणि तो सुटण्याआधी पुढच्या दाताने भार घेतलेला असतो, म्हणून ते शांत चालतात. सरळ दात मात्र एकाच क्षणी पूर्ण रुंदीभर एकमेकांवर येतात, म्हणून ते आवाज करतात. हा आवाज आपल्याला अपरिचित नाही. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सचा गिअर सरळ दातांचा असतो आणि गाडी मागे घेताना जो घुंई आवाज येतो, तो त्याचाच. तोच आवाज आमच्या नागपुरात अजनीपासून विमानतळापर्यंत, आणि वेगाबरोबर चढत जाणारा, ऐकायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. मला तो हौसेचा भाग वाटतो, पण भाच्याच्या आईला वाटणार नाही.

मग रेसवाले सरळ दात का घेतात? तिरक्या दातांमुळे शाफ्टवर लांबीच्या दिशेने जोर पडतो आणि इंजिनाचा टॉर्क खूप वाढवला की तो बेअरिंग आणि गिअरबॉक्सच्या खोळीला सोसावा लागतो. सरळ दातांत हा जोर उद्भवत नाही. मात्र सरळ दात मुळातच अधिक मजबूत असतो, ही समजूत चुकीची आहे. त्याच मापाचा आणि त्याच पोलादाचा हेलिकल गिअर कमजोर ठरत नाही, कारण त्यात एका वेळी अधिक दातांवर भार वाटला जातो. रेसचे गिअर टिकतात ते प्रामुख्याने रुंद, जाड दातांमुळे आणि उत्तम पोलादामुळे. भाच्याचे इंजिन मात्र मूळ गिअरांनाही जड गेलेले नाही.

दुसरी गोष्ट गिअर अडकण्याची, म्हणजे डॉगची; डॉग म्हणजे गिअर अडकवणारे खुंट असलेला भाग. साध्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोची पितळी रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागावर घासून दोन्ही भागांचा वेग आधी जुळवते आणि मगच गिअर अडकू देते. डॉगच्या गिअरबॉक्समध्ये ही मध्यस्थी नसते. मोजकेच मोठे खुंट, त्यांच्यामध्ये ऐसपैस फट, आणि एका झटक्यात अडकणे. आपल्या मोटरसायकलींत हीच व्यवस्था असते आणि पहिला गिअर टाकताना होणारा ‘खट्’ आवाज तिचाच असतो. तेथे फिरणारे भाग लहान आणि हलके असल्यामुळे ती निभावते. गाडीची क्लच प्लेट आणि शाफ्ट तितके हलके नसतात. हिंगणा रोडवरच्या एका गॅरेजात मी वापरून काढलेला डॉग हातात घेऊन पाहिला. खुंटांच्या ज्या कडा नखाला टोचायला हव्यात, त्या गुळगुळीत गोल झाल्या होत्या. मेकॅनिक म्हणाला, “भाऊ, याले हळू टाकलं का हा गेलाच समजा.” गंमत अशी की गिअर हळुवार टाकण्याची जी सवय आपल्याला शिकवली जाते, तीच येथे घातक ठरते. शिवाय त्या फटीमुळे व्हरायटी चौकातल्या गर्दीत ॲक्सिलरेटर सोडला-दाबला की दर वेळी गाडी हिसका देते.

राहिला रेशो. उदाहरण म्हणून चाकाचा घेर १.९५ मीटर आणि फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतर चाकांकडे जाणारी शेवटची गिअरची जोडी) ४.१ धरू. पहिल्या गिअरचा रेशो ३.५ असेल, तर ८०० आरपीएमच्या आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, गाडी ताशी सुमारे ६.५ किलोमीटरने सरकते. क्लोज रेशोच्या, म्हणजे गिअरांचे रेशो एकमेकांजवळ आणलेल्या संचातला पहिला गिअर २.५ चा असेल, तर तीच ९ किलोमीटरच्या पुढे जाते. म्हणजे बर्डीच्या गर्दीत क्लच अर्धवट दाबून चालणे आले, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना क्लच प्लेट जळल्याचा वास आला तर नवल नको. वरच्या टोकाला समृद्धी महामार्गावर १२० च्या मर्यादेत पाचवा गिअर ०.७५ असताना इंजिन साधारण ३,१५० आरपीएमवर फिरते, तर तो १.० केल्यास ४,२०० वर. डिझेल-पेट्रोलचे सोडा, तासन्‌तास तो आवाज कानाला सोसवत नाही.

त्यामुळे बदलायचेच असेल, तर हेलिकल दात आणि सिंक्रो कायम ठेवून फक्त दुसरा-तिसरा-चौथा जवळ आणणारा संच शोधावा. पहिल्याला आणि पाचव्याला हात लावू नये. भाच्याची मूळ तक्रार मात्र ‘गिअर नीट पडत नाही’ एवढीच होती, म्हणून लिव्हरखालचे बुश, गिअरच्या केबल आणि इंजिनाचे माउंटिंग आधी तपासायला सांगितले आहे. बुश तर हाताने हलत होते.