भिंतीतला खिळा

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याचं ‘मिल्कमेड’, दूध ओतणाऱ्या बाईचं चित्र, पाहून दोन महिने झाले. त्यातला खिळा अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

चित्र केवढंसं, ४५.५ बाय ४१ सेंटिमीटर. समोर चार-पाच जण फोन उंचावून उभे होते, त्यामुळे बराच वेळ मला फक्त वरचा भाग दिसत होता. म्हणजे नुसती भिंत.

माझे बाबा घरं रंगवायचे. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचे आणि माझं काम ठरलेलं असे: जुने खिळे उपटून झाले की भोकांत लांबी भरायची, वाळली की पॉलिश पेपरने घासायची. त्यामुळे कुठल्याही भिंतीवर माझी नजर आधी भोकं शोधते. इथे ती होती. बारीक, काळपट, खिळे उपटल्यावर राहतात तशी. एक खिळा तर अजून तिथेच, आणि त्याची इवलीशी सावलीसुद्धा रंगवलेली! मला एकदम बाबांच्या हाताखाली उभी असल्यासारखं वाटलं.

भिंत पांढरी आहे म्हणावं तर कुठेच धड पांढरी नाही. खिडकीजवळ ती करडी, अंधारी आहे आणि बाईच्या पाठीमागे जाईपर्यंत उजळत जाते. खिडकीची एक काच फुटलेली आहे. बाईच्या उजव्या कडेने व्हर्मीरने पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली आहे, त्यामुळे ती भिंतीपासून सुटून पुढे येते. ही रेघ मला जवळ गेल्यावरच दिसली.

गर्दी पांगली तेव्हा कुठे बाई नीट पाहिली. नावावरून गवळण वाटते, पण ही स्वयंपाकघरातली मोलकरीण. बाह्या वर सारलेल्या. मनगटापर्यंत हात रापलेले, त्यावरचा भाग गोरा. निळा रंग अल्ट्रामरीन, लाजवर्द दगड कुटून केलेला, त्या काळातला अत्यंत महाग रंग. तो त्याने मोलकरणीच्या एप्रनवर खर्च केला, याचं मला फार अप्रूप वाटलं.

खाली उजवीकडे जमिनीवर पाय शेकायची पेटी आहे आणि तिच्यामागे भिंतीच्या तळाशी बसवलेल्या एका टाइलवर क्युपिड, प्रेमाचा देव. त्यावरून काही अभ्यासक म्हणतात की ही बाई कुणाच्या तरी प्रेमात आहे. मला ते पटत नाही. तिची नजर दुधाच्या धारेवरून जराही हलत नाही. अख्ख्या चित्रात हलतं आहे ते तेवढंच, आणि धार इतकी बारीक की मापात ओतते आहे हे कळतं. टेबलावर पावाचे तुकडे पडलेत. ती शिळा पाव दुधात भिजवून काहीतरी शिजवणार असावी, हे मत मला जास्त जवळचं वाटतं.

२०२२ मध्ये म्युझियमच्या संशोधकांना रंगाच्या थरांखाली आणखी दोन वस्तू सापडल्या. तिच्या डोक्यामागे चंबू टांगायची फळी आणि खाली उजवीकडे आत निखारे ठेवायची विणलेली टोपली. व्हर्मीरने दोन्ही झाकून टाकल्या. एवढ्या मोठ्या वस्तू ज्याने पुसल्या, त्याने खिळा ठेवला. भोकंही ठेवली. माझ्या मते या भिंतीवर आधी काहीतरी होतं, कुणीतरी ते काढलं, ही बाई त्याच्याही आधीपासून इथे राबते आहे, एवढं सगळं त्या भोकांतून त्याला सांगायचं होतं. कुठल्या पुस्तकात असं लिहिलंय का माहीत नाही, मी भिंतीवरून सांगते आहे.

परत निघण्याआधी बाबांना फोटो पाठवला. त्यांनी दोन बोटांनी मोठा करून पाहिला असणार, कारण लगेच फोन आला.

“त्या खिळ्याला काय टांगलेलं होतं गं?”