ती होती ना बरोबर

सोमवार, रात्री साडेदहा

ताई फोनवर भावजींना एवढंच म्हणाली, "ती होती ना बरोबर!" परतीच्या फेरीबोटीत, कठड्याला टेकून, एका हाताने ओढणी पिळत. पलीकडून भावजी खळखळून हसले, तेही मला ऐकू आलं. चार शब्द. काल संध्याकाळपासून ते तोंडात आवळ्याच्या बीसारखे घोळतायत, थुंकवतही नाहीत.

म्हणजे काय? मी होते म्हणून झालं, असंच ना?

खरं तर ठरलं होतं ते अगदीच साधं. गोव्यात रायबंदरहून फेरीने दिवाडी बेटावर, तिथून सायकलीने बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पुन्हा फेरी, नार्वेला सप्तकोटेश्वराचं दर्शन आणि जेवायला घरी. पिएदादच्या चढावर माझ्या मागच्या चाकाने जीव सोडला. पंक्चरची डबी होती, मीच आणली होती. सोल्यूशनची ट्यूब मात्र आतल्या आत वाळून खडा झालेली. भाच्याने ती दाबून बघितली, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता परत डबीत ठेवली. त्याचं ते न बोलणंही लागलंच.

मग सायकल ढकलत भावजींच्या मित्राकडे. पन्हं झालं, जेवणही झालं, शेजारचा मुलगा चाक घेऊन गेला आणि माडाखाली उपड्या घातलेल्या दोन कयाक भाच्याला दिसल्या. त्याने विचारलं, "मावशी, भरती कधी?" फोनवर तक्ता उघडून मी ठणकावून सांगितलं, दोन वाजता. आत्ता पूर्ण पाणी असणार, चला!

रविवारची समजून मी बुधवारची ओळ वाचली होती. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. तीन दिवसांत अडीच तास. आम्ही दोनला वल्हं मारलं तेव्हा पाणी केव्हाच उतरायला लागलेलं. बरं, सहा तासांची ओहोटी काही सारख्या गतीने होत नाही. निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच जातं, आणि नेमके तेच दोन तास आम्ही खारफुटीतल्या त्या चिंचोळ्या फाट्यात बगळे बघत काढले.

परत वळलो तर फाट्याच्या तोंडाशी पाणीच नाही. नुसता राखाडी, चकाकता चिखल. त्यावर निवट्या उड्या मारतायत, आणि एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले ते छोटे खेकडे आमच्याकडे बघून ती नांगी वरखाली करतायत. हात करून बोलावत असावेत, किंवा हाकलत. मी धीर दाखवत उतरले, आणि मांडीपर्यंत आत. डावी चप्पल तिथेच राहिली. पाय उपसताना कालवांच्या शिंपल्याने पोटरी कापली ती वेगळीच. मला ओढायला म्हणून ताईही उतरली.

बांधावर मानशीपाशी, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या दारापाशी, एक म्हातारा होता. मानशीच्या लाकडी झडपा उघडून शेतातलं पाणी खाडीत धो धो पडत होतं आणि त्याने तोंडाशी जाळं लावलेलं. ती झडप उघडी म्हणजे ओहोटी. भरतीचं पाणी चढलं की त्याच्या रेट्यानेच ती आपोआप मिटते. म्हणजे तक्ता बघायची गरजच नव्हती. जाताना मी त्याच मानशीचा फोटो काढला होता!

म्हातारा ओरडला, "उबी रावूं नाका गो, आडवी पड!"

चाळिशी ओलांडलेली बाई चिखलात पालथी. कयाकवर छाती टेकून, पायांनी मागे रेटत, घोरपडीसारखं सरकत बांधापर्यंत. ताई माझ्या मागे. भाचा हलका, तो सुटा पुढे निघून गेला आणि वरून व्हिडिओ काढत राहिला. म्हातारा एकदाही हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

नार्वे राहिलंच. देवालासुद्धा दिवाडी सोडून नदी ओलांडावी लागली, पलीकडे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देऊळ नव्याने उभारून दिलं. आम्हाला तेवढा साधा धक्कासुद्धा गाठता आला नाही.

तर, ती होती ना बरोबर. गेल्या मे महिन्यात कुंभारजुवेच्या कालव्यात वल्हं हातातून सुटलं, तेव्हाही मीच होते. त्या पाण्यात मगरी असतात हे मला वल्हं गेल्यावर आठवलं. आईला घेऊन निघालो त्या रात्री रस्ता चुकला, तेव्हाही गाडी... असो. हिशोब मांडायला बसलं की सगळीकडे मीच. प्रत्येक घराला एक पनवती लागते, आमच्याकडे ती मावशी.

आज सकाळपर्यंत एवढंच लिहायचं होतं. दुपारी चिखलाचे कपडे भिजवायला काढले तर पिशवीत ताईचा कुर्ता-सलवार सापडला. माझ्या अंगावर घरी आला तो. काल फेरीच्या धक्क्यावर बाथरूममध्ये तिने तो माझ्या हातात कोंबला होता, मी विचारसुद्धा केला नाही. आता बघते तर सलवारीची शिलाई उसवून दोन इंच वाढवलेली. ताई माझ्याहून बुटकी. भाच्यासाठीही सुके कपडे होते. तिने स्वतःसाठी फक्त ओढणी आणलेली, तीही भिजली.

देवदर्शनाला कोण सुके कपडे घेऊन जातं?

म्हणजे निघण्याआधीच तिला माहीत होतं. शनिवारी रात्री चष्मा लावून सलवार उसवत बसली असणार. राग यायला हवा, पण हसू येतंय. चप्पल मात्र माझ्या मापाची आणायला विसरली, हे मी तिला ऐकवणार आहे.

मघाशी तिचा मेसेज आला: रविवारी काय?

नीट बघून सांगायचं म्हणून बोटांवर मोजलं. आठवड्यात भरती जवळजवळ सहा तास सरकते. म्हणजे काल साडेअकराला होती, ती पुढच्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला. मग तक्ता उघडून ओळ दोनदा तपासली, बोट ठेवून. लिहिलं: दुपारी उशिरा निघू. तिचं उत्तर: बुधवारची ओळ नाही ना?