टोकाला नव्हे, कडेला

रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत डायलिसिस घेणाऱ्या एका रुग्णाच्या ब्लड कल्चरमधून (रक्तातले जीवाणू वाढवण्याची चाचणी) ग्राम-निगेटिव्ह, म्हणजे ग्राम रंगात गुलाबी दिसणारा, दंडाकृती जीवाणू वाढला. लॅक्टोज ही साखर न आंबवणारा, ऑक्सिडेज या विकराची चाचणी पॉझिटिव्ह; त्यामुळे स्यूडोमोनास असा अहवाल देण्याकडे सर्वांचा कल होता आणि वॉर्डात ॲमिकॅसिन हे प्रतिजैविक सुरूही झाले होते. मला खटकली ती सेन्सिटिव्हिटीची प्लेट, म्हणजे कोणते प्रतिजैविक लागू पडते हे औषधाच्या चकत्या (डिस्क) ठेवून पाहण्याची प्लेट. ॲमिकॅसिन व जेंटामायसिनच्या डिस्कला अगदी चिकटून जीवाणू वाढला होता, म्हणजे ती औषधे त्याला लागू पडत नव्हती. उलट स्यूडोमोनास एरुजिनोसा ज्याला मुळातच दाद देत नाही, त्या को-ट्रायमॉक्साझोलभोवती मात्र मोठे स्वच्छ वर्तुळ होते, म्हणजे ते लागू पडत होते.

हँगिंग ड्रॉपमध्ये (काचेला लोंबत्या थेंबात) जीवाणू हलताना दिसला, पण त्याला हलवणाऱ्या कशाभिका, म्हणजे शेपटीसारखे बारीक धागे, कुठून फुटल्या आहेत हे त्यातून कळत नाही. कशाभिकेची जाडी सुमारे 20 नॅनोमीटर, तर साध्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे 200 नॅनोमीटर. म्हणून टॅनिक आम्लाचा लेप चढवून ती जाड करावी लागते. त्यासाठी मी र्‍यू पद्धतीचा, कशाभिका रंगवण्याचा रंग वापरला. ब्लड अगार या रक्तमिश्रित माध्यमावरील ताजी वाढ पाण्याच्या थेंबात अलगद सोडायची, कव्हरस्लिप ठेवायची आणि कडेने रंग आत शिरू द्यायचा. वाढ लूपने (तारेच्या कडीने) घोटली की कशाभिका तुटतात. नव्या माणसाच्या हातून ही स्लाइड हमखास बिघडते.

स्यूडोमोनास एरुजिनोसाला एका टोकाशी एकच कशाभिका असते; त्याच्याशी गल्लत होऊ शकणाऱ्या जीवाणूंपैकी बर्खोल्डेरिया सेपॅशियाला टोकाशी झुपका, तर ॲक्रोमोबॅक्टरला त्या अंगभर विखुरलेल्या असतात. प्रत्यक्षात बहुतेक पेशींवर एक-दोनच धागे टिकलेले होते, त्यामुळे संख्येवर विसंबण्यात अर्थ नव्हता. धागा पेशीला नेमका कुठे जोडला आहे, हेच एकेका पेशीवर पाहत जावे लागले. पुष्कळ पेशींत तो टोकापासून दूर, दांड्याच्या कुशीतून निघालेला होता आणि काही मोजक्या पेशींवर चारी बाजूंनी लांब लहरी पसरलेल्या होत्या. पुढे झायलोज या साखरेच्या ऑक्सिडेशनची चाचणीही पॉझिटिव्ह आल्यावर ॲक्रोमोबॅक्टर झायलोसॉक्सिडन्स हे निदान पक्के झाले.

डॉक्टरांना फोन करताच ॲमिकॅसिन थांबवून को-ट्रायमॉक्साझोल देण्यात आले. हा जीवाणू पाण्यात, इतकेच नव्हे तर विरल केलेल्या जंतुनाशकातही तग धरतो, म्हणून त्याच दुपारी डायलिसिस विभागातील पाणी आणि जंतुनाशकाच्या बाटल्यांचे नमुने आम्ही मागवून घेतले.