पत्र कुणाच्या नावावर?

११ वर्षं मी आरोग्य विम्याचे क्लेम तपासले. पेशंटच्या नावाआधी नजर कोडवर जायची. एफ३२ म्हणजे नैराश्य, ओ०४ म्हणजे गर्भपात, बी२० म्हणजे एचआयव्ही. बाहेरच्याला कळू नये म्हणून आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतले हे कोड असावेत, असं मला सुरुवातीला वाटायचं. तसं मुळीच नाही. ते नोंदी आणि मोजणीच्या सोयीसाठी आहेत. शोधलं तर कुणालाही अर्थ लगेच सापडतो.

एक फोन अजून मनातून जात नाही. नवऱ्याच्या पॉलिसीत नाव असलेली बाई होती. अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, क्लेमचं पत्र माझ्या नावानं पाठवाल का?" ती समुपदेशनाला जाऊ लागली होती आणि घरी सांगितलं नव्हतं. मी नियम सांगितला, पत्रव्यवहार पॉलिसीधारकाशीच होतो. "बरं," एवढंच म्हणाली. दोन दिवसांनी तिनं क्लेम मागे घेतला. पुढे ती पदरचे पैसे घालून जात राहिली की उपचारच थांबवले, मला कधी कळलं नाही.

अमेरिकेच्या हिपा नियमांत, म्हणजे पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याच्या कायद्यात, यावर तोड आहे. माहिती घरी गेल्यानं धोका होईल असं पेशंटनं कळवलं, तर विमा कंपनीला पत्र दुसऱ्या पत्त्यावर पाठवावं लागतं. तेव्हा मला हे ठाऊक असतं, तर निदान वरिष्ठांकडे शब्द तरी टाकला असता.

मग २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेडिबँक या आरोग्य विमा कंपनीचा डेटा चोरीला गेला. सुमारे ९७ लाख आजी-माजी ग्राहकांचा. कंपनीनं खंडणी नाकारली, तेव्हा चोरांनी गर्भपाताचे क्लेम वेगळे काढून डार्क वेबवर, म्हणजे इंटरनेटच्या छुप्या भागात, टाकले. मी मात्र 'माजी' या शब्दापाशीच अडकले. पॉलिसी सोडून गेलेल्या माणसाचं दुखणंही कपाटात तसंच पडून असतं. शिवाय त्यातलं कितीतरी मुळात लागतच नाही. डिस्चार्ज कार्डावर भागत असताना सगळे केसपेपर मीसुद्धा मागवलेत, 'असू देत' म्हणून.

आता मी नव्या मुलींना शिकवते. फाइल हातात आली की आधी विचारायला लावते, कुठलं पान नसलं तरी हा क्लेम ठरेल? परवा एकीनं १४ पानं न वाचता हॉस्पिटलला परत पाठवली. क्लेम त्याच दिवशी मंजूर झाला.