मे महिन्यात नागपुरात एवढं मोठं शेड लपवायचं कुठं?

मे महिन्यात नागपूरला कोण जातं असं पुण्यातले सगळे विचारतात आणि त्यांचं बरोबरच आहे, पण माहेरची लग्नं नेमकी मे मध्येच निघतात त्याला आपण काय करणार. लग्न आटोपलं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच आतेभाऊ दारात गाडी घेऊन हजर. दादाचा धंदा आधी मंडळांच्या देखाव्यांचा होता, आता तो रिसॉर्ट, लग्नाचे लॉन, वॉटर पार्क असल्यांना फायबरचे खडक, गुहा, किल्ल्याचे दरवाजे करून देतो. काटोल रोडला शहराच्या बाहेर एका पार्टीचं छोटं थीम पार्क होतंय, त्यात एक अंधारातली राइड आहे, म्हणजे गाडीत बसायचं आणि आत भुतंबितं बघत फिरायचं, आणि त्या राइडचं शेड चांगलं १८ मीटर उंच. मालकाचं म्हणणं एकच, शेड पब्लिकला दिसता कामा नये. दादा म्हणाला, "तू तिकडे डिस्नेलँड पाहून आली ना, मग घरी बसून काय करून राहिली, चल."

आधी तर्री पोहे. यावर चर्चा नाही. वरून दुपट्टा डोक्याला गच्च बांधला, आत्याने खिशात कांदा कोंबला, निघालो.

साइटवर पोचलो तेव्हा सात वाजले होते आणि ऊन आत्ताच चावायला लागलं होतं. शेडचे कॉलम आणि छपराचे लोखंडी ट्रस उभे झालेले, पत्रा अजून चढायचा होता. सपाट रान, एका कडेला संत्र्याची बाग, आणि मधोमध हा लोखंडी सांगाडा. बऱ्याच जणांना वाटतं की राइड म्हणजे तो महाल किंवा तो डोंगर जो समोर दिसतो, पण आत बसून फिरायच्या राइडला ट्रॅक लागतो, देखावे लागतात, वरून लाइट टांगायला उंची लागते, एसीचे डक्ट, आग लागली तर बाहेर पडायचे रस्ते, हे सगळं मावायला गोदामच लागतं, चौकोनी, पत्र्याचं. महाल त्याच्या तोंडाला चिकटवलेला असतो. लग्नाच्या लॉनवर समोर फुलांचा स्टेज आणि कनातीमागे आचाऱ्यांच्या भट्ट्या, तसंच. फरक एवढाच की इथे भट्टी स्टेजच्या पाचपट मोठी आहे.

दादाने मला पार्कच्या मुख्य रस्त्याची चुन्याने आखणी केली होती तिथे उभं केलं. शेड तिथून १२० मीटरवर. मग दोन पोरांना साडेतीन-पावणेचार मीटरचे बांबू दिले, मध्ये हिरवी शेडनेट बांधलेली, आणि त्यांना शेडच्या पायथ्याशी जायला सांगितलं. नेट तिथे अगदीच चिंधीसारखी दिसत होती, वर सगळा सांगाडा मोकळा. "आता या रे इकडे, हळूहळू." पोरं चालत येऊन राहिली, नेट मोठी होत गेली, ट्रसचा खालचा भाग गेला, मग अर्धा गेला, आणि माझ्यापासून साधारण १५ मीटरवर आली तेव्हा वरची पट्टीसुद्धा गेली. मी तोंड उघडं ठेवून बघतच राहिले. समोर नुसती हिरवी नेट आणि आभाळ!

हिशोब शाळेतलाच आहे. माझा डोळा दीड मीटरवर, शेडचा माथा त्याच्यापेक्षा साडेसोळा मीटर वर आणि १२० मीटर लांब. आड १५ मीटरवर टाकली तर ३.६ मीटरमध्ये काम होतं, तीच मध्यावर म्हणजे ६० मीटरवर टाकली तर पावणेदहा मीटर लागते. म्हणजे लपवायचं असेल तर वस्तूजवळ भिंत बांधून पैसे घालवू नका, बघणाऱ्याच्या नाकासमोर बांध घाला. मालक मात्र शेडच्या भिंतीवर जंगल रंगवून मागत होता. १८ मीटर उंच जंगल, त्यात हत्ती! दादा म्हणे, "रंगवून देईन ना मी, मले काय, पण मग तो पत्रा लपत नाही, उलट हत्तीसकट बोंबलते."

डिस्नेलँडला मी गेले होते ते दिराकडे कॅलिफोर्नियात राहायला गेले होते तेव्हा, आणि खरं सांगायचं तर तिथे असताना यातलं काही लक्षात आलं नव्हतं, कारण लक्षात येऊ नये म्हणूनच ते केलेलं आहे. ॲनाहाइमचं ते पार्क १९५५ चं. वॉल्ट डिस्नेने पार्कच्या सगळ्या बाजूंनी मातीचा बांध घालून घेतला आणि त्याच्यावरून आगगाडी फिरवली. आतल्याला बाहेरचं शहर दिसायला नको. पण नंतर नंतर राइड मोठ्या होत गेल्या आणि बांधाच्या आतली जागा पुरेना. आता एवढं गोदाम कुठे ठेवणार? तर बांधाच्या बाहेर. आणि माणसांना बाहेर न्यायचं ते त्यांना कळू न देता.

हाँटेड मॅन्शन म्हणजे तिथला भूतबंगला, बाहेरून बंगला १९६३ लाच बांधून तयार होता पण राइड सुरू झाली १९६९ ला. बंगला छान आहे, पांढरा, खांबांचा, पण सगळी राइड त्यात मावणं शक्यच नाही. आत गेलं की एका आठकोनी खोलीत कोंबतात, दार बंद होतं, आणि भिंती ताणल्यासारख्या लांब व्हायला लागतात, भिंतीवरची चित्रं खालून उघडत जातात, लोक किंचाळतात. ही गंमत नाही, ती लिफ्ट आहे! खोलीची जमीन तुम्हाला घेऊन खाली जाते, मग एका बोळातून चालवत नेतात, तो बोळ आगगाडीच्या रुळांखालून पलीकडे निघतो आणि तिथे बांधाबाहेर गोदाम. म्हणजे जो भाग लोकांना सगळ्यात जास्त आठवतो तो मुळात एका अडचणीवरचा जुगाड आहे. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कात १९७१ ला हीच राइड परत बांधली, तिथे खाली जायची गरज नव्हती, तरी ती खोली ठेवलीच, फक्त तिथे जमीन जागच्या जागी राहते आणि छत वर जातं. पायरेट्स म्हणजे समुद्री चाच्यांची होडीतली राइड (१९६७), तिची तीच तऱ्हा, होडी सुरुवातीला अंधारात धबधब्यावरून दोनदा धप्पकन खाली पडते, आपण ओरडतो, आणि ओरडता ओरडता रुळांखालून पार झालेलो असतो. शेवटी होडी चढावरून वर आणतात.

हे मी दादाला गाडीत सांगत होते आणि तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत नुसता "हो ना बाप्पा" करत होता, पण डोकं चालू झालंय हे दिसत होतं.

आता रंगाचा विषय. डिस्नेवाले जे झाकता येत नाही, कचऱ्याची दारं, कुंपणं, गोदामाच्या मागच्या भिंती, त्यांना एक करडट हिरवा मारतात, त्याचं नावच गो अवे ग्रीन आहे. नजर त्याच्यावरून घसरून जाते. एपकॉटमध्ये, म्हणजे डिस्नेच्याच फ्लोरिडातल्या दुसऱ्या पार्कात, २०२२ ला एक रोलर कोस्टर सुरू झाला, गार्डियन्स ऑफ द गॅलक्सीवाला, त्याची इमारत इतकी अवाढव्य की तिला आभाळी निळा फासलाय. मी फोटोच बघितलेत पण माझं मत विचाराल तर निळा डबा तो निळा डबाच दिसतो.

आणि नागपुरात तर यातला कुठलाच रंग चालणार नाही! मालकाने हिरव्या पत्र्याचं कोटेशन आणून ठेवलं होतं. अहो पण मे महिन्यात इथे हिरवं आहे काय? गवत पिवळं, साग नागडा, माती उघडी पडलेली, आणि सुट्ट्या मे महिन्यातच म्हणजे पार्कला गर्दी तेव्हाच. त्या पिवळ्या रानात हिरवा पत्रा कोसभर लांबून दिसेल. निळा तर त्याहून वाईट, नागपूरचं मे मधलं आभाळ निळं नसतंच, उन्हाने पांढुरकं पडलेलं असतं. आम्ही साइटवर तीन पत्र्यांचे तुकडे उभे करून बघितले, हिरवा, निळा आणि एक उरलेला राखाडी-पांढरट ज्याच्यावर धूळ बसली होती. लांबून तो धुळीवालाच आधी हरवला. दादाने लगेच मोबाइलवर फोटो काढून मालकाला पाठवला. खाली मुरमाचा रंग आणि वर तो मळकट पांढरा, असं ठरतंय.

झाडांचंही तेच. साग लावायचा नाही, ऐन वेळी दगा देतो. सप्तपर्णी, बकुळ असली पान धरून राहणारी, तीही दोन-तीन ओळींत. सप्तपर्णी फुलली की काहींना वासाने डोकं चढतं हा भाग वेगळा.

गोरेवाड्याला जायचा हट्ट माझा होता. २६ जानेवारी २०२१ ला हे प्राणी उद्यान सुरू झालं, मी आधी एकदा ऐन पावसाळ्यात गेले होते तेव्हा बसमधून जाळी शोधूनही सापडत नव्हती. या वेळी वाघाच्या भागात शिरलो आणि झाडांना पान नाही, त्यामुळे उंच जाळी सरळ लांबपर्यंत दिसत होती. वाघ सावलीत पडून, शेपटी सुद्धा हलवायला तयार नाही. बसमधली मुलं ओरडून थकली आणि मी वळणं बघत होते, कारण रस्ता सरळ नाही, आणि प्रत्येक वळणावर आधीचं कुंपण मागे झाकलं जातं. प्राणी उद्यानवाल्यांनी ही विद्या पार्कवाल्यांच्या कितीतरी आधी केलीय, हागेनबेक नावाच्या जर्मन माणसाने १९०७ ला हॅम्बुर्गला पिंजऱ्याचे गज काढून मध्ये खंदक खणले, खंदक लांबून दिसत नाही, सिंह आणि हरणं एकाच माळावर आहेत असं वाटतं. दादा म्हणाला खंदकाचं आपल्याकडे बघायला पाहिजे, पण इकडे पश्चिमेला वीतभर मातीखाली काळा पाषाण लागतो, ब्रेकर लावावा लागेल. इंग्लंडमध्ये ऑल्टन टॉवर्स या थीम पार्कला झाडांच्या वर राइड दिसू द्यायची नाही अशी अट होती म्हणून १९९४ ला नेमेसिस नावाचा कोस्टर चक्क खडक फोडून खड्ड्यात बसवला. "त्यायचं बजेट आपल्या मालकाले सांगू नको," एवढंच दादाचं उत्तर.

तिथून कोराडीला देवीचं दर्शन घ्यायला गेलो, आत्याने नारळ दिला होता. आणि रस्त्यात समोर वीज केंद्राच्या चिमण्या आणि कूलिंग टॉवर. ते कोणाच्या बापाला लपणार नाहीत. अशा वेळी काय करायचं त्याचं माझं आवडतं उदाहरण फ्लोरिडातलं आहे. १९९४ ला डिस्नेने तिथे टॉवर ऑफ टेरर ही भुताटकीच्या हॉटेलसारखी राइड बांधली, १९९ फूट, कारण २०० झाले की विमानांसाठी लाल दिवा लावावा लागतो आणि जुन्या हॉटेलवर तो शोभला नसता. पण एवढं उंच म्हणून ते पलीकडच्या एपकॉटमधून, तिथे वेगवेगळ्या देशांचे देखावे आहेत त्यातल्या मोरोक्कोच्या इमारतींच्या मागे दिसायला लागलं. मग त्यांनी हॉटेलच्या त्या बाजूचा रंग आणि माथ्याची घडणच मोरोक्कोला जुळेल अशी केली. लांबून बघणाऱ्याला ते मोरोक्कोचंच काहीतरी वाटतं. मला हे बांधापेक्षाही भारी वाटतं, कारण यात एक खडा माती टाकावी लागली नाही.

दुपारी घरी पाटवडी रस्सा खाऊन कूलरसमोर दादाने कागद काढला. बांध ३.६ मीटरचा, दोन्ही बाजूंचा उतार धरला तर पायथ्याला साधारण १५ मीटर जागा खातो. काळी माती वापरायची नाही, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आत मुरूम दाबून भरायचा आणि वर फक्त झाडांपुरती माती. राइडचं दार बांधाच्या अलीकडे, बुटक्या पडक्या वाड्यासारखं, कमानीची उंची मुद्दाम कमी. तिथून एक वाकडा बोळ बांधातून पलीकडे शेडात, दोन वळणं, म्हणजे आत शिरणाऱ्याला मागचं दार दिसत नाही आणि पुढचंही. खाली जायची लिफ्ट वगैरे काही नाही, उगाच पाषाण कोण फोडणार, पण बोळाची जमीन थोडी उताराची ठेवायची, अंधारात माणसाला आपण खूप खाली आलो असं वाटतं. हे शेवटचं दादाचं, देखाव्यांच्या रांगांमधून शिकलेलं.

चार वाजता मालकाचा फोन. रंग पसंत, बोळ पसंत, बांधावर वहिनींच्या नावाची पाटी लावता येईल का असंही विचारून झालं. आणि मग म्हणे की मुलाचं म्हणणं आहे एक मोठा आकाशपाळणा पाहिजेच, ३० मीटरचा, अगदी मध्यभागी, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसेल. दादाने फोन कानापासून लांब धरला आणि माझ्याकडे बघितलं. पाळण्यात बसलेल्या माणसाचा डोळा ३० मीटरवर, त्याला कसला बांध अन् कसला बोळ, शेडचं छप्पर, जनरेटर, कचऱ्याचे ड्रम, सगळं ताटात वाढून ठेवल्यागत. फ्लोरिडात २०१९ ला केबल कार सुरू केली तेव्हा डिस्नेलासुद्धा हे चुकलं नाही, डब्यात बसलं की पार्कच्या मागची कामाची जागा दिसते.

आता दादाचं चाललंय की पाळणा उत्तरेच्या कोपऱ्यात, संत्र्याच्या बागेला लागून न्यायचा आणि शेडच्या छपरावर सोलर पॅनेल टाकायची, वरून दिसली तरी त्याला कोणी नाव ठेवत नाही. मालक म्हणतोय सोलरचे पैसे तुझ्या कोटेशनमध्येच धर. भांडण चालू आहे, मी पुण्याला परत आलेय, बांधाचे फोटो आले की टाकते.